मुलाखतीतले नेमके उत्तर

नोकरीच्या मुलाखतीतले नेमके उत्तर म्हणजे जे विचारले त्याचेच, विचारणाऱ्याला पुरेल इतके आणि त्याला पडताळून पाहता येईल असे उत्तर. ते तोकडे असतेच असे नाही. 'आधी कुठे काम करत होता?' या प्रश्नाला एक वाक्य पुरते. 'ती नोकरी का सोडली?' याला तीन-चार वाक्ये लागतात. 'सहकारी साखर कारखाने तोट्यात का जातात?' यावर मिनिटभर बोलूनही उत्तर नेमके राहू शकते. उलट 'होय', 'नाही', 'तसा विचार केला नाही' ही उत्तरे आखूड असूनही नेमकी नसतात, कारण त्यांतून विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणजे लांबीचा मुद्दा मुळात दुय्यम आहे. आपल्याला नक्की काय विचारले आहे, हे उमेदवाराने तोंड उघडण्यापूर्वी ठरवले असेल तर उत्तर आपोआप आटोपशीर होते. ठरवले नसेल तर ते बोलता बोलता ठरवावे लागते, आणि ज्याला पाल्हाळ म्हणतात तो बहुतेक वेळा हा चारचौघांसमोर चाललेला शोधच असतो.

गुणांच्या हिशेबात हा विषय उमेदवार समजतात तितका किरकोळ नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी मुख्य परीक्षेला १७५० आणि व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ असे एकूण २०२५ गुण असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत पूर्वी मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १०० गुणांची होती. पुण्यात विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनानंतर २०२५पर्यंत पुढे गेलेल्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत तिथेही १७५० आणि २७५ हाच हिशेब आला. बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसर भरतीत आयबीपीएस अंतिम यादी करताना मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांना ८० आणि २० असे वजन देते. लेखी परीक्षेत शेवटच्या फेरीत पोहोचलेल्यांचे गुण एकमेकांच्या अगदी जवळ असतात. मुलाखतीचे गुण मात्र बरेच पसरलेले असतात. त्यामुळे एकूण गुणांतला वाटा लहान असला, तरी यादीतली जागा, आणि पर्यायाने उपजिल्हाधिकारी व्हायचे की त्याखालचे एखादे पद घ्यायचे, हे पुष्कळदा त्या अर्ध्या तासात ठरते.

केंद्रीय आयोगाच्या अधिसूचनेत व्यक्तिमत्त्व चाचणीचे, म्हणजे मुलाखतीचे, वर्णन उलटतपासणी असे नसून, स्वाभाविक तरीही दिशा आणि हेतू असलेला संवाद असे केले आहे. त्यातून ज्या गुणांचा अंदाज घ्यायचा असतो त्यांत मनाची तत्परता, समतोल निर्णयशक्ती, नैतिक सचोटी यांच्याबरोबरच स्पष्ट आणि तर्कशुद्ध मांडणीचाही उल्लेख आहे. मुलाखत ज्ञानाची फेरपरीक्षा नाही, हे या यादीवरूनच दिसते. ज्ञान लेखी परीक्षेत तपासून झालेले असते, आणि मुलाखत घेणाऱ्या मंडळासमोर उमेदवाराचे लेखी गुणही नसतात. तरीही अनेक उमेदवार प्रत्येक प्रश्न हा दहा गुणांचा आहे असे धरून चालतात.

ही सवय कुठून येते ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. शाळेपासून विद्यापीठापर्यंत उत्तराची किंमत पानांत मोजली जाते. पुरवणी जोडणारा विद्यार्थी हुशार समजला जातो. 'सविस्तर उत्तरे लिहा' या सूचनेखाली व्याख्या, प्रस्तावना, इतिहास, महत्त्व, समारोप अशी पाच खणांची चौकट भरायची असते. परीक्षक घाईत उत्तरपत्रिका चाळतो आणि एखादा अपेक्षित शब्द दिसला की गुण देतो, हे मुलांना अनुभवाने ठाऊक असते. जितके जास्त लिहावे तितकी तो शब्द सापडण्याची शक्यता जास्त. लेखी परीक्षेत हे शहाणपण चालते, मुलाखतीत ते अंगाशी येते. समोरच्याला पान उलटून पुढे जाता येत नाही. त्याला ऐकत बसावे लागते किंवा मध्येच तोडावे लागते. मंडळाच्या सदस्याने उमेदवाराला दोनदा तोडले की तिसऱ्या उत्तराला उमेदवाराचा आवाज खाली येतो, आणि नुकसान एका प्रश्नापुरते राहत नाही.

वेळेचे गणित साधे आहे. केंद्रीय आयोगाचे मंडळ अध्यक्ष धरून साधारण पाच जणांचे असते आणि मुलाखत सुमारे तीस मिनिटे चालते. प्रश्न विचारण्यात, एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात आणि उपप्रश्नांत निम्मा वेळ गेला, तर उमेदवाराच्या वाट्याला पंधरा मिनिटे उरतात. एकेका मिनिटाची उत्तरे दिली तर पंधरा होतात, अडीच मिनिटांची दिली तर सहा. सहा उत्तरांवर मत बनवणाऱ्या मंडळापुढे एक उत्तर बिघडले की सहाव्या हिश्श्याचे मत बिघडते; पंधरांत एक बिघडले तर ते खपून जाते. शिवाय पाच सदस्यांना सहा उत्तरे म्हणजे एखाद्याला आपल्या विषयाचा एकच प्रश्न विचारायला मिळतो, आणि नेमका तोच प्रश्न उमेदवाराच्या कच्च्या बाजूवर पडला तर सावरायला जागा राहत नाही. लांब उत्तर देणाऱ्याला वाटते की आपण जास्त दाखवले. प्रत्यक्षात त्याने स्वतःच्या संधी कमी केलेल्या असतात.

मुलाखत फार आखूड असली तर तीही अन्यायकारक होते. सर्वोच्च न्यायालयाचा अजय हासिया खटला (१९८१) हा खरे तर श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशाचा होता, नोकरीचा नव्हता. पण मुलाखतीविषयीच्या चर्चेत तो आजही येतो. तिथे लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. प्रत्येक उमेदवाराची तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न मुख्यतः आईवडील व राहण्याचे ठिकाण यांविषयीचे होते, अशी तक्रार होती. न्यायालयाने मुलाखतीला इतके वजन देणे मनमानी ठरवले आणि अशा परीक्षेत १५ टक्क्यांहून जास्त गुण मुलाखतीला नसावेत असे म्हटले. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशी सूचनाही केली. पुढे १९८५च्या अशोक कुमार यादव खटल्यात हरियाणाच्या नागरी सेवांमधले सर्वसाधारण उमेदवारांसाठीचे २२.२ टक्क्यांचे वजन न्यायालयाला जास्त वाटले, आणि केंद्रीय आयोगात तेव्हा असलेल्या १२.२ टक्क्यांचा दाखला देण्यात आला. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब'मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, त्यामागेही हाच संशय होता: काही मिनिटांच्या बोलण्यावरून माणूस निवडताना वशिल्याला वाव राहतो. जिथे मुलाखत टिकली आहे तिथे ती अशा संशयाच्या नजरेखाली टिकली आहे. म्हणून मंडळालाही पडताळता येणारी, टिपणात उतरवता येणारी उत्तरे हवी असतात.

खासगी क्षेत्राने याच कारणासाठी दुसरी वाट घेतली. उमेदवाराशी मोकळ्या गप्पा मारून मत बनवण्याऐवजी सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला आधीच ठरवलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे, याला बांधीव किंवा संरचित मुलाखत म्हणतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यात नंतरच्या कामगिरीशी संरचित मुलाखतीचा सहसंबंध ०.५१, तर मोकळ्या मुलाखतीचा ०.३८ आढळला. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या आकड्यांतला गणिती फुगवटा काढून संरचित मुलाखतीचा आकडा ०.४२वर आणला, तरी निवडीच्या साधनांत ती आघाडीवरच राहिली. उमेदवाराच्या दृष्टीने यातली गोष्ट एवढीच: समोरचा माणूस मान हलवत असला तरी त्याच्या हातात तक्ता असतो, आणि त्या तक्त्यात बसणारे दोन-तीन मुद्देच तो शोधत असतो. बाकीच्या बोलण्याला गुण नसतात. उलट ते मुद्दे त्यात बुडून जातात.

नेमकेपणाची सुरुवात ऐकण्यापासून होते, आणि तिथेच सर्वांत जास्त गफलत होते. साध्या संभाषणात माणसे एकमेकांना विलक्षण वेगाने उत्तर देतात. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतके भरले. एवढ्या वेळात वाक्य तयार होत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच ऐकणारा आपले उत्तर जुळवत असतो. कट्ट्यावर हे ठीक आहे. मुलाखतीत मात्र प्रश्नाचा पहिला अर्धा भाग ओळखीचा वाटला की उमेदवार पाठ केलेले उत्तर काढतो आणि उरलेल्या अर्ध्यात प्रश्न वळलेला असतो. 'शेतकरी आत्महत्यांवर सरकारने काय केले' आणि 'जे केले त्याचा उपयोग का झाला नाही' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले तर ते कितीही नीट बांधलेले असले तरी चुकीचेच. दोन-तीन सेकंद थांबणे उमेदवाराला जन्मभरासारखे वाटते. मंडळाला ते जाणवतही नाही, किंवा जाणवले तरी विचार करण्याची खूण म्हणून जाणवते.

प्रश्नाचे क्रियापद पाहिले की तो कोणत्या जातीचा आहे हे बहुधा कळते. 'काय आहे', 'किती', 'केव्हा' अशा माहितीच्या प्रश्नाला माहिती द्यायची आणि थांबायचे. 'का' असे विचारले की कारण, आणि कारणे अनेक असली तर सर्वांत वजनदार कारण आधी. 'काय वाटते' याला मत आणि त्याचा आधार. 'काय कराल' याला कृती. 'काय केले' याला स्वतः केलेली कृती आणि तिचा परिणाम. गडबड होते ती एका जातीच्या प्रश्नाला दुसऱ्या जातीचे उत्तर दिल्याने, विशेषतः 'काय कराल' याला माहिती दिल्याने. राज्यसेवेच्या तयारीत घासून गुळगुळीत झालेला एक प्रश्न घ्यावा: 'आपण तहसीलदार आहात. रात्री अवैध वाळूचे ट्रॅक्टर पकडले आणि लगेच स्थानिक आमदारांचा फोन आला. काय कराल?' वाळूउपशाने नदीचे काय होते, बांधकाम क्षेत्राची मागणी कशी वाढली, हरित न्यायाधिकरणाची भूमिका काय, अशी सुरुवात केली की नमनाला घडाभर तेल गेलेच. मंडळाला यातले सगळे ठाऊक आहे. त्यांना हे ऐकायचे असते: 'सर, ट्रॅक्टर सोडणार नाही. जागेवर पंचनामा करून वाहनं पोलीस ठाण्यात लावीन आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे दंडाची नोटीस काढीन. आमदारसाहेबांना कारवाई सुरू झाल्याचं नम्रपणे सांगेन आणि फोनची कल्पना प्रांतांना देईन.' यात निर्णय पहिल्या वाक्यात आहे, कायद्याचा आधार दुसऱ्यात, माणसे हाताळण्याची रीत तिसऱ्यात. मग एखादा सदस्य विचारील, 'आणि ती वाळू घरकुलाच्या लाभार्थ्याची निघाली तर?' खरी मुलाखत इथून सुरू होते, आणि लांब उत्तर देणारा इथवर पोहोचतच नाही.

माहितीच्या आणि कारणाच्या प्रश्नांत स्थानिक विषय वारंवार येतात, कारण मंडळासमोर उमेदवाराचा तपशीलवार अर्ज उघडा असतो आणि त्यात गाव, तालुका, शिक्षण, छंद सगळे असते. सोलापूरच्या उमेदवाराला विचारले, 'तुमच्या जिल्ह्यात उजनीसारखे धरण असून टंचाई का?' तर उत्तराला दोन दिशा आहेत. पहिली दिशा पर्जन्यछायेपासून निघून १९७२च्या दुष्काळावरून हवामानबदलापर्यंत जाते आणि भूगोलाच्या पुस्तकात संपते. दुसरी अशी: 'धरण आहे, पण पाणी जिल्हाभर पोहोचत नाही. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी असली तरी उपयुक्त साठा त्याच्या निम्म्याहून कमी आहे, आणि तो मोठ्या प्रमाणात उसाकडे जातो. सांगोला, मंगळवेढ्यासारखे तालुके त्यामुळे कोरडेच राहतात.' ही तीन वाक्ये आहेत. पहिले वाक्य प्रश्नातला विरोध सोडवते, दुसरे आकड्याने आधार देते, तिसरे नावे घेऊन जागा दाखवते. उमेदवाराला याहून पुष्कळ माहिती असणार, आणि ती राखून ठेवणे हाच यातला अवघड भाग आहे. राखून ठेवलेली माहिती वाया जात नाही. 'मग ऊस बंद करायचा का?' हा पुढचा प्रश्न जवळजवळ नक्की असतो, आणि ठिबक, पीकबदल, कारखान्यांवर अवलंबून असलेला रोजगार हे सगळे तेव्हा कामाला येते.

यातून उत्तराचा आणखी एक गुण दिसतो, ज्याकडे मार्गदर्शनाच्या पुस्तकांत फारसे लक्ष दिले जात नाही. प्रत्येक उत्तरात पुढच्या प्रश्नाची दारे असतात. 'छंद काय?' या प्रश्नाला 'वाचन, संगीत, प्रवास, क्रिकेट आणि ट्रेकिंग' असे म्हटले की पाच दारे उघडतात, त्यांतली चार बहुधा रिकाम्या खोल्यांत जातात. 'ट्रेकिंग, गेल्या दोन वर्षांत नाशिक जिल्ह्यातले किल्ले पाहतोय' असे म्हटले की प्रश्न साल्हेर, मुल्हेर, हरिहर इकडे वळतो आणि उमेदवार आपल्या पायाखालच्या जमिनीवर उभा असतो. नको त्या विषयाचा सहज केलेला उल्लेखही असेच दार उघडतो. उत्तरात भारदस्त दिसावे म्हणून घातलेला एखादा इंग्रजी पारिभाषिक शब्द ज्या उमेदवाराला नीट समजावता येत नाही, त्याची पुढची पाच मिनिटे त्याच शब्दावर जातात. तेव्हा जेवढ्याचा बचाव करता येईल तेवढेच बोलावे, असा हा व्यवहार आहे.

अनुभवावरच्या प्रश्नांसाठी अमेरिकेतील डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल या सल्लागार संस्थेने रूढ केलेली 'स्टार' ही चौकट आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतही सर्रास वापरली जाते. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि निष्पत्ती असे तिचे चार टप्पे. चौकट चांगली आहे, पण बहुतेक उमेदवार पहिल्या टप्प्यात रमतात. कंपनी केव्हा सुरू झाली, विभागात किती माणसे, वरिष्ठ कसे होते, यात उत्तराचा तीनचतुर्थांश भाग जातो आणि कृतीला दोन वाक्ये उरतात. प्रमाण उलटे हवे. चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातल्या अभियंत्याचे उत्तर असे असू शकते: 'एका ब्रॅकेटचं रिजेक्शन चार टक्क्यांच्या वर गेलं होतं. मी पाळीनुसार नोंदी लावून पाहिल्या, तर ते तिसऱ्या पाळीत जास्त होतं. त्या पाळीत कॉइल बदलल्यावर पहिले नग कोणी मोजत नव्हतं. मी कॉइल बदलली की पहिले पाच नग मोजूनच मशीन पुढे चालवायची पद्धत लावली. दोन महिन्यांत रिजेक्शन दीड टक्क्यावर आलं.' परिस्थिती एका वाक्यात संपली, बाकी सगळी कृती आणि शेवटी आकडा. ऐकणारा स्वतः कारखान्यातला असेल तर त्याला हे खरे आहे हे तिसऱ्या वाक्यालाच कळते. बनवलेल्या गोष्टीत तिसरी पाळ आणि कॉइल येत नाहीत.

या उत्तरातल्या 'मी'कडेही पाहिले पाहिजे. मराठी वळणात स्वतःचे मोठेपण सांगणे अप्रशस्त समजतात. त्यामुळे 'आम्ही केलं', 'टीमने केलं', 'करण्यात आलं' अशी वाक्ये येतात. विनयापोटी केलेली ही रचना मुलाखतीत उमेदवाराला पुसून टाकते: काम झाले हे कळते, कोणी केले हे कळत नाही. कार्यालयीन मराठीतला 'करण्यात आले' हा प्रयोग तर यासाठीच जन्मला असावा असे वाटावे, इतका तो कर्ता लपवण्यात तरबेज आहे. जे सर्वांनी केले ते 'आम्ही' आणि जे स्वतः केले ते 'मी' असे चोख सांगण्यात आढ्यता नाही. संघातल्या दुसऱ्याचे श्रेय नाव घेऊन दिले तर उलट 'मी'ला वजन येते.

मराठी वाक्याची ठेवणही इथे आडवी येते. क्रियापद शेवटी असल्याने होकार की नकार हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. 'वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून त्या एकत्र केल्या तर शिक्षकांचा प्रश्न सुटेल, खर्च वाचेल आणि मुलांना चांगल्या सोयी मिळतील असं जे म्हटलं जातं ते पूर्णपणे बरोबर आहे असं मला वाटत नाही' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण ऐकणारा शेवटच्या शब्दापर्यंत उमेदवाराला उलट्या बाजूचा समजत होता. तेच असे मोडता येते: 'मला हा निर्णय पटत नाही. खर्च वाचेल, पण शाळा लांब गेली की वाडीवस्तीवरच्या मुली आधी गळतील.' भूमिका छोट्या वाक्यात आधी, विरुद्ध बाजूची कबुली मग, कारण शेवटी. लिहिताना लांब वाक्य पुन्हा वाचता येते, बोलताना ती सोय नसते. 'तसं पाहायला गेलं तर', 'काय आहे ना', 'बेसिकली', 'ॲक्च्युअली' ही टेकूची पदेही वाक्याचे तोंड अडवून बसतात. त्यांच्या जागी नुसते थांबले तरी चालते.

केंद्रीय आयोगासमोर उमेदवाराला मराठीतून मुलाखत देता येते आणि त्यासाठी दुभाषी असतो. ही सोय घेणाऱ्यांसाठी आखूड वाक्यांना दुहेरी किंमत आहे. पाच उपवाक्यांचे मराठी वाक्य दुभाष्याच्या इंग्रजीतून जाताना त्यातले एखादे गळते, आणि मंडळ जे ऐकते त्यावरच गुण देते. शिवाय प्रत्येक उत्तराला दुहेरी वेळ जातो, म्हणजे वर मांडलेले वेळेचे गणित आणखी कडक होते.

'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न सर्वांत सोपा समजला जातो आणि सर्वांत जास्त बिघडतो तोही तोच. जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के असा क्रम लावला की दोन मिनिटांनी उमेदवार जेमतेम पदवीपर्यंत येतो. आणि हे सगळे अर्जात लिहिलेलेच असते. प्रश्नाचा खरा अर्थ 'या पदाच्या संदर्भात तुम्ही कोण' असा आहे. सध्या काय करता, तिथवर कसे आलात यातला एखादा वळणाचा टप्पा, आणि हे पद का हवे: एवढ्याला मिनिटभर पुष्कळ होते. घरची पार्श्वभूमी पदाशी जोडलेली असेल तर ती जरूर यावी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीने कृषी अधिकाऱ्याच्या मुलाखतीत ती सांगितली नाही तर उलट तिचे एक बळ वाया जाते.

'माहीत नाही' हे उत्तरही नेमके असू शकते. 'सर, मला हे माहीत नाही' एवढे म्हणून थांबल्याने कोणी नापास होत नाही. अंदाज बांधायचाच असेल तर तो अंदाज आहे हे आधी सांगावे. अर्धवट आठवणाऱ्या गोष्टीभोवती शब्द गोळा करत बसण्याला मात्र सदस्य चटकन ओळखतात, कारण त्यांनी आयुष्यभर बैठकांत तेच ऐकलेले असते. तरी प्रत्येक तिसऱ्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणत हसतमुख राहण्याचा सल्ला देणाऱ्यांवर फार विसंबू नये. प्रामाणिकपणा माहितीची जागा भरून काढत नाही.

मतांच्या प्रश्नांत आटोपशीरपणाला मर्यादाही आहे. आरक्षण, सीमाप्रश्न, एखादा प्रकल्प आणि त्यातले विस्थापन अशा विषयांवर एका ओळीत निकाल देणारा उमेदवार ठाम न वाटता उथळ वाटतो. इथे दोन्ही बाजू येणे हा उत्तराचाच भाग आहे; फक्त दोन्ही बाजू मांडून शेवटी कुठेच न उतरणे टाळायचे. स्त्री उमेदवारांना अजूनही विचारले जाणारे लग्नाचे आणि मुलांचे प्रश्न हे वेगळे प्रकरण आहे. त्यांना लांब खुलासा देणे म्हणजे तो प्रश्न योग्य होता असे मान्य करण्यासारखे आहे. 'कामाच्या वेळा आणि बदल्या मला माहीत आहेत, त्यात अडचण नाही' इतके उत्तर पुरेसे ठरते, आणि बोलणे पदाकडे परत येते.

अलीकडे पहिल्या फेरीत समोर माणूसच नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, तयारीला थोडा वेळ मिळतो आणि मग ठरावीक सेकंदांत कॅमेऱ्याकडे पाहून उत्तर ध्वनिचित्रमुद्रित करायचे असते. अशा पद्धतीची मोठी अमेरिकन कंपनी हायरव्ह्यू चेहऱ्यावरच्या हालचालींचेही विश्लेषण करत असे. टीका झाल्यावर तिने ते बंद केल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले, आणि भर बोललेल्या मजकुरावर राहिला. यात मान हलवणारे, तोडणारे, उपप्रश्न विचारून सावरून घेणारे कोणी नसते. वेळ संपली की वाक्य अर्धवट तुटते, म्हणून मुद्दा पहिल्या दोन वाक्यांत येणे इथे अनिवार्यच होते. नेहमीच्या मुलाखतीत राखून ठेवायची ती माहिती इथे राखून चालत नाही, कारण पुढचा प्रश्न आधीच ठरलेला असतो.

तयारी बोलूनच होते. उत्तरे लिहून पाठ केली तर बोलताना लेखी वाक्यरचना येते आणि मधला एखादा शब्द निसटला की सगळे कोसळते. मुद्दे तीन-चार शब्दांत टिपायचे, फोनवर स्वतःचे उत्तर मुद्रित करायचे आणि ऐकताना एकच गोष्ट पाहायची: प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा कितव्या वाक्यात आले? बहुतेकांचे ते चौथ्या-पाचव्या वाक्यात येते, आणि आधीची वाक्ये कापली तरी काही बिघडत नाही. अभिरूप मुलाखतींचा उपयोग होतो, पण एकाच वर्गातल्या मार्गदर्शकांसमोर अनेक फेऱ्या केल्या की सर्व उमेदवारांची उत्तरे एकाच साच्यातली होतात आणि मंडळाला दिवसाला पाच वेळा तेच ऐकावे लागते. म्हणून विषयाशी संबंध नसलेल्या माणसासमोर, गावच्या निवृत्त शिक्षकासमोर किंवा दुसऱ्या शाखेच्या मित्रासमोर बोलून पाहणे जास्त फायद्याचे: त्याला कळले नाही तर तो तसे सांगतो.

खासगी नोकरीच्या मुलाखतीत शेवटी बहुधा 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असा प्रश्न येतो. आयोगाच्या मंडळासमोर ती पद्धत नाही, तिथे 'आपण येऊ शकता' म्हटले की नमस्कार करून निघायचे असते. जिथे विचारायची मुभा असते तिथे कामाशी निगडित एक किंवा दोन प्रश्न पुरे: पहिल्या सहा महिन्यांत या पदावरच्या माणसाकडून काय अपेक्षित आहे, किंवा ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेले म्हणून रिकामी झाली. पगाराचा प्रश्न मनुष्यबळ विभागाच्या फेरीत विचारावा. याच वेळी आधीचे एखादे उत्तर चुकले असे लक्षात आले असेल, तर 'मघाशी मी जो आकडा सांगितला तो चुकीचा होता' असे म्हणून बरोबर आकडा एका वाक्यात द्यावा. त्यापुढे खुलासा देत बसू नये.